क्षेपणास्त्राच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावे?

हैदराबादेत दिलसुखनगरला मेट्रोतून उतरले की कोचिंग क्लासचे फलक, कपड्यांची दुकाने आणि विजयवाड्याच्या रस्त्यावरची न संपणारी वर्दळ दिसते. जगाच्या शस्त्रबाजाराशी या वस्तीचे काही नाते असेल असे कुणाला वाटणार नाही. पण सैदाबाद, संतोषनगर ओलांडून थोडे पुढे गेले की कंचनबाग लागते. अग्नी, पृथ्वी, आकाश ही नावे ज्या प्रयोगशाळांमधून बाहेर पडली, त्या या भागात आहेत. ती क्षेपणास्त्रे बनवणारी सरकारी कंपनी भारत डायनॅमिक्स, म्हणजे बीडीएल, हीदेखील इथलीच.

या कंपनीचे शेअर २०१८ पासून बाजारात आहेत, त्यामुळे तिचे आकडे कुणालाही पाहता येतात. ते पाहिले की कोडे पडते. २०२१-२२ मध्ये कंपनीचे उत्पन्न २,८१७ कोटी रुपये होते. पुढच्या वर्षी ते २,४८९ कोटींवर आले आणि २०२३-२४ मध्ये २,३६९ कोटींवर. गिऱ्हाईक नाही म्हणून धंदा बसला, तर ते समजण्यासारखे आहे. इथे मात्र हातात सुमारे १९ हजार कोटींच्या मागण्या होत्या. कारखाना होता, कामगार होते, पैसे देणारे सरकार होते. मग माल अडला कुठे?

कंपनीने पुरवठा साखळीतल्या अडचणींकडे आणि जगातल्या युद्धांकडे बोट दाखवले. पण दूरच्या युद्धाने कंचनबागचे यंत्र थांबते कसे? हे समजायचे, तर संरक्षण व्यवसायाची आतली रचना पाहावी लागेल. तिथला धोका यंत्रापेक्षा कागदात जास्त असतो.

इतर हक्काचा रकाना

जमिनीचा व्यवहार केलेल्या प्रत्येकाला सातबारा ठाऊक आहे. जमीन तुमच्या ताब्यात असते, तुम्ही ती कसता. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाचे कूळ, कुणाचा बोजा, कुणाची वहिवाट नोंदलेली असेल, तर ती मनाप्रमाणे विकता येत नाही. शस्त्राचेही तसेच आहे. कारखान्यात तयार झालेले क्षेपणास्त्र दिसते एकाच मालकाचे, पण त्याच्या इतर हक्कात अनेक देशांची नावे असतात.

बीडीएलचीच उदाहरणे घेऊ. रणगाडाभेदी मिलान हे क्षेपणास्त्र फ्रेंच परवान्यावर बनते. कोंकुर्स हे रशियन परवान्यावर. मध्यम पल्ल्याचे हवाई संरक्षण क्षेपणास्त्र डीआरडीओ ही आपली सरकारी संरक्षण संशोधन संस्था आणि इस्रायल यांनी मिळून विकसित केलेले. परवाना याचा अर्थ आराखडा दुसऱ्याचा, काही सुटे भागही दुसऱ्याचे आणि तिसऱ्या देशाला विकायचे झाल्यास संमतीही दुसऱ्याची.

आता तारखा पाहा. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला बीडीएलने लष्कराशी कोंकुर्स क्षेपणास्त्रांचा ३,१३१.८२ कोटींचा करार केला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. रशियाचे कारखाने स्वतःच्या सैन्यासाठी राबू लागले, रशियन बँकांवर निर्बंध आले, मालवाहतुकीचे मार्ग बदलले. करार हैदराबादच्या कंपनीने भारतीय लष्कराशी केलेला. पण तो वेळेवर पुरा होणे न होणे तिसऱ्याच देशाच्या युद्धावर अवलंबून राहिले. २०२४-२५ मध्ये कंपनीचे उत्पन्न पुन्हा चढून ३,३४५ कोटींवर गेले, हेही सांगायला हवे. मागणी कुठे गेली नव्हती. माल अडला होता, इतकेच.

काळ्या यादीत नाव येते तेव्हा

कंचनबागच्या या भागाने याहून मोठा फटका पूर्वी सोसला आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. अमेरिकेने निर्बंध लावले आणि त्या वर्षअखेरीस आपल्या व्यापार खात्याच्या प्रतिबंधित यादीत भारतीय संस्थांची मोठी भर घातली. त्यात कंचनबागची डीआरडीएल ही क्षेपणास्त्र प्रयोगशाळा होती, बीडीएल होती आणि आपल्या पुण्याची, पाषाणची एआरडीई ही शस्त्रास्त्र संशोधन संस्थाही होती.

अशा यादीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. यादीत नाव आलेल्या संस्थेला अमेरिका काहीच करत नाही; बंधन पडते ते तिला माल विकणाऱ्यावर. अमेरिकी बनावटीची वस्तू त्या संस्थेला द्यायची, तर आधी वॉशिंग्टनचा परवाना घ्या, आणि तो बहुधा मिळणार नाही, असा तो नियम. हे बंधन फक्त अमेरिकी विक्रेत्याला नसते. जर्मन किंवा जपानी यंत्रात अमेरिकी घटकांचा वाटा ठरावीक मर्यादेपलीकडे असेल, तर तोही व्यापारी अडकतो. निव्वळ लष्करी भागांसाठीचे अमेरिकी नियम त्याहून कडक आहेत. तिथे वाटा किती हा प्रश्नच नसतो. असा एक भाग बसवला की सबंध यंत्रावर अमेरिकेची संमती लागू होते.

त्या काळात तेजस विमानाच्या उड्डाण नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या तंत्रज्ञांना परत यावे लागले आणि उपकरणे तिकडेच राहिली. बीडीएल, डीआरडीएल आणि एआरडीई यांची नावे यादीतून निघाली ती जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. या नाकेबंदीतून एक चांगली गोष्टही घडली. परदेशातून न मिळणाऱ्या विशेष धातूंसाठी कंचनबागच्याच मिधानी या १९७३ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीवर देशाची भिस्त वाढली. पण ज्याच्याकडे बारा वर्षे तग धरायला सरकारी तिजोरी नाही, त्या खासगी उद्योजकाने अशा धोक्याचा हिशेब आधीच केलेला बरा.

निर्बंध बँकेतून येतात

प्रतिबंधित यादी वस्तू अडवते. आर्थिक निर्बंध पैसा अडवतात आणि आजच्या काळात ते जास्त झोंबतात. त्याची यंत्रणा अशी: दोन देशांतला व्यवहार डॉलरमध्ये ठरला, की पैसे सहसा अमेरिकेत खाते असलेल्या मध्यस्थ बँकेमार्फत फिरतात. ती बँक नावे तपासते. घेणारा किंवा देणारा अमेरिकेच्या निर्बंध यादीत असेल, तर रक्कम तिथेच गोठते. त्यामुळे भारतातल्या बँकाही शंका आली तरी हात आखडता घेतात.

२०१७ मध्ये अमेरिकेने आणखी एक पाऊल टाकले. रशियाच्या संरक्षण उद्योगाशी मोठा व्यवहार करणाऱ्या इतर देशांनाही शिक्षा करण्याचा कायदा केला. तो ‘कॅटसा’ या नावाने ओळखला जातो. तुर्कस्तानने रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या संरक्षण खरेदी संस्थेवर निर्बंध आले. भारताने तीच यंत्रणा ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे ५.४ अब्ज डॉलरना घेतली, पण भारतावर त्या कायद्याखाली कारवाई झाली नाही. कायदा एकच, निकाल दोन. कारण यात कायद्याच्या कलमाइतकेच राजकारणाचे वजन असते. धंदेवाल्याची पंचाईत इथेच होते. कलम वकिलाकडून समजून घेता येते. उद्या दोन राष्ट्रप्रमुखांचे पटेल की नाही, हे कोणता वकील सांगणार?

ब्राह्मोसचे उदाहरण बोलके आहे. भारताच्या डीआरडीओचा ५०.५ टक्के आणि रशियाच्या एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया या संस्थेचा ४९.५ टक्के वाटा असलेली ही कंपनी. क्षेपणास्त्रांची जुळणी हैदराबादेत होते. रशियन भागीदार २०१४ पासून अमेरिकेच्या निर्बंध यादीत आहे. तरीही फिलिपिन्सने, जो अमेरिकेचा जुना मित्रदेश आहे, जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली क्षेपणास्त्रे तिकडे पोहोचली. चीनला तोंड देणारा फिलिपिन्स सज्ज असणे अमेरिकेलाही नकोसे नव्हते. प्रत्येक खरेदीदाराच्या बाबतीत असे जुळून येईल याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही.

याउलट ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने रशियाला माल पुरवल्याच्या कारणावरून जगभरच्या सुमारे चारशे कंपन्या आणि व्यक्तींवर निर्बंध लावले. त्यांत एकोणीस भारतीय कंपन्या होत्या. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे म्हणणे होते की या व्यवहारांनी भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही. म्हणजे घरचा कायदा पाळूनही परक्या देशाची शिक्षा होऊ शकते.

घरचा कायदा: स्कोमेट

घरचा कायदाही सैल नाही. १९९२ च्या परदेश व्यापार कायद्याखाली भारताची स्वतःची नियंत्रित वस्तूंची यादी आहे. तिचे चालू नाव ‘स्कोमेट’. विशेष रसायने, जीवाणू-विषाणू, सामग्री, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही यादी. त्यातला सहावा विभाग थेट शस्त्रास्त्रांचा आहे आणि त्याच्या निर्यातीचा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. बाकी बहुतेक वस्तूंचा परवाना विदेश व्यापार महासंचालनालयाकडे मागायचा असतो. नियम मोडला तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

यात दोन गोष्टी नवख्याला चकवतात. पहिली म्हणजे दुहेरी वापराच्या वस्तू. कार्बन फायबर सायकलीत वापरतात आणि क्षेपणास्त्रातही. वस्तू साधी आहे म्हणून ती यादीत नसेल, हे गृहीत धरता येत नाही. दुसरी म्हणजे निर्यात फक्त पेटीतून होत नाही. सुट्या भागाचे ड्रॉइंग परदेशी गिऱ्हाइकाला ईमेलने पाठवले, तरी ती तंत्रज्ञानाची निर्यात ठरू शकते. दिलसुखनगरहून सागर रस्त्याने इब्राहिमपट्टणमकडे निघाले, की वाटेत आदिबटला लागते. तिथे टाटांच्या कारखान्यांत अमेरिकी कंपन्यांच्या भागीदारीत सी-१३० या मालवाहू विमानाचे शेपूट आणि अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे बनतात. अशा ठिकाणी कोणते ड्रॉइंग कुणाच्या संगणकावर उघडले, याचीही नोंद ठेवावी लागते.

परवान्यासाठी लागणारा महत्त्वाचा कागद म्हणजे अंतिम वापराचे प्रमाणपत्र. घेणारा देश लिहून देतो की हा माल आम्हीच वापरू, विचारल्याशिवाय पुढे देणार नाही. पण तोफगोळा एकदा परदेशी गोदामात गेला की तो कुठे फुटला, हे बनवणाऱ्याला कसे कळणार? वचन घेणाऱ्याचे असते. बोभाटा झाला की बदनामी मात्र बनवणाऱ्याच्या वाट्याला येते.

भागीदाराची किंमत

आतापर्यंत परदेशी सरकारांचे धोके पाहिले. आता भागीदाराचा धोका पाहू. संरक्षण खरेदीच्या मोठ्या करारांसोबत आपले सरकार एक सचोटी करार करून घेते. लाच दिली, दलाल लपवला असे आढळले, तर मूळ करार रद्द करता येतो आणि कंपनीला काळ्या यादीत टाकता येते. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी बारा हेलिकॉप्टर घेण्याचा ऑगस्टा वेस्टलँडबरोबरचा २०१० चा करार याच कारणाने १ जानेवारी २०१४ रोजी रद्द झाला.

त्याचा फटका कुठे बसला ते पाहा. ऑगस्टा ही तेव्हा इटलीच्या फिनमेकॅनिका समूहाची कंपनी होती. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या जाणाऱ्या स्कॉर्पीन पाणबुड्यांसाठी ब्लॅक शार्क नावाचे पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, निवडले होते. ते बनवणारी कंपनी याच समूहातली. ती खरेदी बारगळली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत त्यांतली ‘कलवरी’ पाणबुडी नौदलात दाखल झाली, ती ठरलेल्या पाणतिरांशिवाय. हेलिकॉप्टरच्या व्यवहाराची झळ पाणबुडीला लागली. यात माझगाव डॉकच्या कामगारांचा काय दोष होता?

कधी कुणाचाच दोष नसतो. पुण्याच्या कल्याणी समूहाने इस्रायलच्या राफेल कंपनीबरोबर (फ्रेंच रफाल विमानाशी तिचा संबंध नाही) ५१:४९ अशी भागीदारी करून हैदराबादेत कारखाना उभारला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. स्पाइक या रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांची सुमारे ५० कोटी डॉलरची सरकारी खरेदी होईल, ही त्यामागची मोठी आशा होती. जानेवारी २०१८ मध्ये राफेलने जाहीर केले की भारताने ही खरेदी रद्द केली आहे. देशी क्षेपणास्त्र विकसित करायचे ठरले होते आणि ते काम होते हैदराबादच्याच डीआरडीएलकडे. कारखाना रिकामा पडू नये म्हणून दुसरे काम शोधावे लागले. जुलै २०१९ मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या एक हजार संचांची दहा कोटी डॉलरची मागणी मिळाली आणि ते संच बीडीएलकडे जाऊ लागले. या धंद्यात मोठे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. त्याने मत बदलले तर दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नसते.

कोर्ट आणि बंदर

गाझातल्या युद्धाने धोक्यांच्या या यादीत नवी भर घातली. एखादा देश युद्धगुन्हे करत असल्याचा आरोप असेल, तर त्याला शस्त्रे पुरवणाऱ्या कंपनीची जबाबदारी किती? सप्टेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयात आला. इस्रायलला शस्त्रे देणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत, अशी याचिका होती. त्यात पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया, सिकंदराबादची प्रीमियर एक्स्प्लोझिव्हज आणि अदानी समूहाची संरक्षण कंपनी यांचे उल्लेख होते. अदानींचा इस्रायली एल्बिट कंपनीबरोबरचा ड्रोन कारखानाही हैदराबादेतच आहे. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ९ सप्टेंबरला याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरण ठरवणे न्यायालयाचे काम नाही, हे एक कारण. दुसरे कारण उद्योजकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे: पुरवठा मध्येच थांबवला, तर करारभंगाबद्दल कंपन्यांवरच दावे होऊ शकतात. माल द्यावा तर एका बाजूने खटला, न द्यावा तर दुसऱ्या बाजूने.

आपल्या न्यायालयात सुटले म्हणून सगळीकडे सुटत नाही. मे २०२४ मध्ये चेन्नईहून इस्रायलच्या हैफा बंदराकडे स्फोटके घेऊन निघालेल्या ‘मॅरियान दानिका’ या जहाजाला स्पेनने आपल्या बंदरात थांबू दिले नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत हेगच्या अपील न्यायालयाने नेदरलँड्समधून इस्रायलला जाणारे एफ-३५ विमानाचे सुटे भाग थांबवण्याचा आदेश दिला होता. विकणारा आणि घेणारा राजी असले, तरी वाटेतले बंदर, विमा कंपनी आणि जहाजमालक राजी असावे लागतात.

सगळ्यात खालचा माणूस

या साखळीच्या टोकाला हैदराबादच्या बालानगर, चेर्लापल्लीतला किंवा आपल्या भोसरीतला लहान कारखानदार असतो. तो चार-दोन सीएनसी यंत्रांवर मोठ्या कंपनीसाठी सुटे भाग करतो. वरचा धोका करारातून खाली उतरतो. दर ठरलेला, उशीर झाला की दंड, आणि मालाचे मूळ कुठले याची लेखी हमी. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी सुटे भाग असल्याच्या कारणावरून लष्कराने चारशे ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे करार रद्द केल्याचे वृत्त आले. सर्किट बोर्डावरची एक चिप स्वस्तात कुठून आली, हे ठाऊक नसणे आता परवडणारे नाही. शिवाय एप्रिल २०२५ पासून चीनने काही दुर्मीळ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. चिनी माल वापरला तर आपले सरकार अडवते. न वापरावा तर पर्याय महाग किंवा दुर्मीळ.

चौकट: काम घेण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

१. या वस्तूचा आराखडा आणि महत्त्वाचे भाग कोणत्या देशाचे आहेत? त्यांची लेखी संमती कुठवर चालते?
२. वस्तू, सॉफ्टवेअर किंवा ड्रॉइंग स्कोमेट यादीत येते का? परवाना कुणाकडे मागायचा?
३. घेणारा, त्याची मूळ कंपनी आणि त्याची बँक कुणाच्या निर्बंध यादीत आहेत का? यादी बदलत राहते. प्रत्येक पुरवठ्याआधी पुन्हा तपासावी.
४. युद्ध, निर्बंध किंवा परवाना नाकारला जाणे, यांमुळे उशीर झाला तर दंड कुणी भरायचा, हे करारात स्पष्ट लिहिले आहे का?
५. हे एक काम बंद पडले तर कारखाना किती महिने तग धरेल?

धंदा टाळावा का?

अजिबात नाही. २०१३-१४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली आणि तिचा मोठा वाटा खासगी कंपन्यांचा आहे. १९९८ ला ज्या अमेरिकेने यादी लावली, तिच्याच कंपन्या आज आदिबटलात भाग बनवून घेतात. २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय गटात सामील झाला, त्यानंतर ब्राह्मोसचा २९० किलोमीटरचा जुना पल्ला वाढवण्याची वाटही मोकळी झाली. राजकारण दार बंद करते, तसे उघडतेही.

म्हणून या क्षेत्रात पैसा गुंतवणाऱ्याने फक्त मागण्यांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्या कोणत्या देशाच्या परवान्यावर उभ्या आहेत हेही पाहावे. दिलसुखनगरच्या क्लासमधून अभियांत्रिकीकडे निघालेल्या मुलांनी निर्यात नियंत्रण हा विषयही शिकून ठेवावा. यंत्र जाणणारे पुष्कळ आहेत, यंत्र आणि परवाना दोन्ही जाणणारे थोडे. आणि लहान कारखानदाराने मोठ्या कंपनीचा करार हाती आला की दराच्या पानावर न थांबता शेवटच्या पानापर्यंत वाचावा, समजला नाही तर सहीआधी वकिलाला दाखवावा. त्या सल्ल्याची फी पहिल्या दंडापेक्षा कमीच पडेल.